पदवीची वाट आणि वाटाड्याचा हात

विद्यार्थ्याच्या अंगी बुद्धी असते, कष्टाची तयारी असते, घरच्यांनी पोटाला चिमटा घेऊन शुल्काची तजवीजही केलेली असते. तरीही पदवीच्या वाटेवर तो अडखळतो. याचे कारण पुष्कळदा अगदी साधे असते. कोणता विषय अनिवार्य, कोणता ऐच्छिक, एखादी अट अपुरी राहिली तर पुढे काय होते, हे वेळीच समजावून सांगणारे कोणी त्याच्याजवळ नसते. विद्यापीठांच्या इतिहासात इमारतींना, कुलगुरूंना आणि देणगीदारांना मानाचे स्थान मिळते. पण विद्यार्थ्याला योग्य वेळी योग्य सल्ला देणाऱ्या माणसाचा उल्लेख क्वचितच होतो. वस्तुतः कित्येकांची आयुष्ये त्या एका सल्ल्याने घडली वा बिघडली आहेत. गेल्या दीडशेहून अधिक वर्षांतील काही प्रसंगांच्या आधारे या दुर्लक्षित विषयाचा मागोवा घेणे उद्बोधक ठरेल.

एकच वाट, एकच दार

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये झाली. लंडन विद्यापीठ हा त्याचा आदर्श होता. शिकवण्याचे काम महाविद्यालयांनी करावे आणि विद्यापीठाने अभ्यासक्रम ठरवून परीक्षा घ्याव्यात, अशी ती व्यवस्था होती. १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा झाली, तेव्हा १३२ विद्यार्थी बसले आणि अवघे २२ उत्तीर्ण झाले. १८६२ च्या पहिल्या बी.ए. परीक्षेतून चारच जण पार पडले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे. या चार नावांनी महाराष्ट्राच्या पुढील इतिहासावर आपला ठसा उमटवला, हे सर्वश्रुत आहे.

त्या काळी पदवीची वाट खडतर होती, पण सरळ होती. ठराविक विषय, ठराविक पुस्तके आणि ठराविक परीक्षा. पुढे मॅट्रिक, प्रीव्हियस, इंटर आणि बी.ए. अशी चढती शिडी रूढ झाली. एक पायरी ओलांडल्यावाचून दुसरीवर पाऊल ठेवता येत नसे. निवडीला वाव असा फारसा नव्हताच. जो होता तो मुख्यतः दुसऱ्या भाषेपुरता. इंग्रजीच्या जोडीला संस्कृत, फारसी किंवा लॅटिन यांसारखी एखादी अभिजात भाषा घ्यावी लागे. आरंभी परीक्षांत मराठी-गुजराती या देशी भाषांनाही जागा होती. परंतु लवकरच उच्च परीक्षांतून त्यांची गच्छंती झाली. मराठीला विद्यापीठात पुन्हा स्थान मिळावे म्हणून न्यायमूर्ती रानडे यांनी आयुष्याच्या अखेरपर्यंत खटपट केली. एका विषयाचे नाव यादीत असणे वा नसणे यावर एका भाषेचे भवितव्य अवलंबून असते, हे त्यांनी ओळखले होते.

अशा एकमार्गी व्यवस्थेत विद्यार्थ्याला सल्ला देणारा कोणी नेमावा, असे विद्यापीठाला वाटले नाही. निवडण्यासारखे काही नव्हते, तेथे विचारायचे तरी काय? परंतु एक मोठा प्रश्न त्या दाराबाहेरच उभा होता. या वाटेने जावे की नाही? किती वर्षे, किती खर्च आणि हाती काय येणार? हा प्रश्न घराला पडत असे आणि त्याचे उत्तर घरच्या वडीलधाऱ्यांना द्यावे लागे.

मावजी दवे यांचा सल्ला

१८८८ सालचा राजकोटमधील एक प्रसंग या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. मोहनदास करमचंद गांधी हे मॅट्रिक उत्तीर्ण होऊन भावनगरच्या सामळदास महाविद्यालयात दाखल झाले होते. तेथील व्याख्याने त्यांना समजेनात. पहिली टर्म संपवून ते घरी परतले, तेव्हा कुटुंबाचे जुने स्नेही आणि सल्लागार मावजी दवे भेटीस आले. वडील करमचंद गांधी हयात नव्हते. घराण्यात दिवाणगिरी चालत आलेली होती; ती पुढे कोण सांभाळणार, ही चिंता सर्वांच्या मनात होती.

मावजी दवे यांनी केलेली मांडणी गांधीजींनी आपल्या आत्मकथेत नोंदवली आहे. तिचा सारांश असा: काळ बदलला आहे, शिक्षणावाचून दिवाणपद मिळणार नाही. बी.ए. होण्यास अजून चार-पाच वर्षे लागतील आणि त्यानंतर फार तर साठ रुपयांची नोकरी मिळेल. त्यापुढे येथेच वकिली शिकायची म्हटली तर आणखी वर्षे जातील आणि तोवर वकिलांची गर्दी झालेली असेल. त्यापेक्षा विलायतेस जाऊन बॅरिस्टर व्हावे. तीन वर्षांत काम होते आणि खर्च चार-पाच हजारांच्या पुढे जात नाही. आपले म्हणणे त्यांनी आपल्या मुलाकडून मिळालेल्या माहितीवर आधारलेले होते.

विद्यापीठीय सल्लागाराचे पद तेव्हा आपल्याकडे अस्तित्वात नव्हते. पण त्या पदाचे सारे काम या वृद्ध गृहस्थाने एका बैठकीत केले. अवधी, खर्च, फलश्रुती आणि पर्याय या चारही बाजू त्यांनी तपासल्या. मुलाचा कल काय, हेही विचारले. गांधीजींना वैद्यकशास्त्राची ओढ होती. थोरल्या बंधूंनी वडिलांची नापसंती सांगितली. वैष्णव कुटुंबातील मुलाने प्रेतांची चिरफाड करावी हे त्यांना मान्य नव्हते. दवे यांनी मात्र वैद्यकाच्या पदवीने दिवाणपद मिळत नाही, असा व्यावहारिक मुद्दा मांडला.

याच सुमारास दुसरा, अगदी उलट सल्लाही मिळाला. आर्थिक साहाय्याच्या आशेने गांधीजी पोरबंदर संस्थानाचे प्रशासक लेली यांना भेटावयास गेले. आधी बी.ए. व्हा, मग या. आता काही मदत करता येणार नाही, असे सांगून ते साहेब जिना चढून निघून गेले. नियमाच्या दृष्टीने त्या उत्तरात चूक काढता येणार नाही. पण नियम सांगणे आणि सल्ला देणे यांत केवढे अंतर असते, हे या दोन भेटींवरून स्पष्ट होते. एकाने विद्यार्थ्याला समोर बसवून विचार केला. दुसऱ्याने जिन्यावरूनच निकाल दिला.

वाट ठरली तरी एक अडचण उरली होती. परदेशात मुलाचे आचरण बिघडेल, अशी आई पुतळीबाईंना धास्ती होती. ती दूर केली बेचरजी स्वामींनी. हे मूळचे मोढ वणिक, पुढे जैन साधू झालेले आणि दवे यांच्याप्रमाणेच गांधी कुटुंबाचे सल्लागार. मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा त्यांनी मोहनदासकडून करवून घेतली आणि मातेने अनुमती दिली. ४ सप्टेंबर १८८८ रोजी गांधीजी मुंबईहून निघाले. ते जहाजावर चढू शकले, यात एका ब्राह्मण गृहस्थाच्या व्यवहारज्ञानाइतकाच एका जैन साधूच्या समजूतदारपणाचाही वाटा होता, ही गोष्ट समाजाने अवश्य ध्यानी ठेवावी अशी आहे.

भोजनाने भरणाऱ्या टर्म

लंडनमध्ये गांधीजी इनर टेंपल या संस्थेत दाखल झाले. बॅरिस्टर होण्यासाठी दोन अटी होत्या. बारा टर्म भरणे, म्हणजे सुमारे तीन वर्षांचा कालावधी पुरा करणे. आणि परीक्षा उत्तीर्ण होणे. टर्म भरणे याचा अर्थ वर्गात बसणे असा नव्हता. प्रत्येक टर्ममध्ये होणाऱ्या सुमारे चोवीस भोजनांपैकी किमान सहांना उपस्थित राहावे लागे. ज्येष्ठ आणि होतकरू वकील एका पंगतीत जेवतील, चर्चा करतील आणि त्यातून नवी पिढी घडेल, हा त्यामागील मूळ हेतू होता. गांधीजींच्या काळापर्यंत तो हेतू विरला होता. पंगत तेवढी उरली होती. पाव, उकडलेले बटाटे आणि कोबी यांवर प्रतिज्ञाबद्ध गांधीजी या भोजनांची अट पुरी करीत. चौघांना मिळून मद्याच्या दोन बाटल्या मिळत. साहजिकच मद्य न घेणारा हा चौथा भोजनबंधू प्रत्येकाला आपल्या टेबलावर हवा असे.

अटी पुऱ्या करण्यास एवढे श्रम पुरे आहेत असे दिसल्यावर गांधीजींना रिकामा वेळ बोचू लागला. ऑक्सफर्ड-केंब्रिजचा विचार झाला, पण खर्च आणि अवधी दोन्ही आवाक्याबाहेरचे होते. एका मित्राने सुचवले की, कठीण परीक्षेचेच समाधान हवे असेल तर लंडन विद्यापीठाची मॅट्रिक द्यावी. अभ्यासक्रम पाहिल्यावर त्यांना धक्का बसला. लॅटिन आणि एक आधुनिक युरोपीय भाषा अनिवार्य होती. लॅटिनमध्ये ते पहिल्या वेळी अनुत्तीर्ण झाले. त्यांनी धीर सोडला नाही. विज्ञानाचा विषय बदलून घेतला, राहणीचा खर्च कमी केला आणि १८९० मध्ये परीक्षा उत्तीर्ण केली. लॅटिनमुळे रोमन कायद्याचा अभ्यास मूळ भाषेतून करता आला आणि पुढे दक्षिण आफ्रिकेत, जेथे रोमन-डच कायदा प्रचलित होता, ते ज्ञान कामी आले. त्या काळी ओझे वाटणारी अट पुढे उपयोगी पडली, ती अशी.

१० जून १८९१ रोजी गांधीजी बॅरिस्टर झाले आणि दोनच दिवसांनी मायदेशी निघाले. तथापि मनात समाधान नव्हते. कायदे वाचले, पण वकिली कशी करावी हे कोणी शिकवले नाही, ही खंत त्यांनी स्पष्टपणे नमूद केली आहे. बॅरिस्टर होणे सोपे आहे, हा मावजी दवे यांचा अंदाज खरा ठरला. सोप्या वाटेने मिळालेली सनद पुरेशी ठरेल, हे मात्र खरे ठरले नाही. सर्व अटी पुऱ्या होणे आणि विद्यार्थी पुरा तयार होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. चांगल्या सल्लागारालाही या दुसऱ्या गोष्टीचा विसर पडू शकतो.

अटी पुऱ्या, पदवी नाही

अटींच्या इतिहासाची आणखी एक बाजू आहे. नाशिक येथे जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिक्षण घेतले. मुंबई विद्यापीठाच्या त्या पहिल्या महिला पदवीधर मानल्या जातात. गुणवत्तेमुळे इंग्लंडमधील शिक्षणाची शिष्यवृत्ती त्यांच्या वाट्यास यायला हवी होती. स्त्री असल्याने ती नाकारली गेली. हितचिंतकांच्या साहाय्याने त्या १८८९ मध्ये ऑक्सफर्डला पोहोचल्या आणि विशेष अनुमती मिळवून १८९२ मध्ये बी.सी.एल. ही कायद्याची परीक्षा त्यांनी दिली. परंतु त्या वेळी ऑक्सफर्ड विद्यापीठ स्त्रियांना पदवी देत नसे. हा नियम १९२० मध्ये बदलला आणि कॉर्नेलियाबाईंना पदवी प्रत्यक्ष मिळाली ती १९२२ मध्ये. अभ्यास पुरा, परीक्षा पुरी, आणि पदवीसाठी तीस वर्षांची प्रतीक्षा! ज्यांच्यासाठी नियम लिहिलेलेच नव्हते, त्यांना मार्ग काढून देणारा हितचिंतक किती मोलाचा, हे त्यांच्या चरित्रातून दिसते.

निवडीचे स्वातंत्र्य आणि सल्लागाराचा जन्म

इंग्लंड आणि हिंदुस्थानात पदवीची वाट अशी आखीव असताना अमेरिकेत एक मोठा बदल होत होता. १८६९ मध्ये चार्ल्स एलियट हे हार्वर्डचे अध्यक्ष झाले. प्रत्येकाने तेच विषय शिकावेत हे त्यांना मान्य नव्हते. त्यांनी ऐच्छिक विषयांची पद्धत वाढवत नेली. शतक संपता संपता तेथे अनिवार्य असा विषय जवळजवळ उरला नाही.

स्वातंत्र्य आले आणि त्यापाठोपाठ गोंधळही आला. अनेक विद्यार्थी सोपे विषय वेचू लागले. काहींनी एकमेकांशी संबंध नसलेले विषय गोळा केले. तेव्हा लक्षात आले की, निवड दिली तर निवड करण्यास साहाय्य करणारा माणूसही द्यावा लागतो. १८७६ मध्ये सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात अध्यक्ष गिलमन यांच्या काळात विद्यार्थ्यांसाठी प्राध्यापकांतून सल्लागार नेमण्याची पद्धत पडली. हार्वर्डनेही १८८९ मध्ये नवागत विद्यार्थ्यांसाठी सल्लागारांचे मंडळ स्थापन केले. पुढे १९०९ मध्ये एलियट यांच्या जागी आलेल्या लॉवेल यांनी मध्यममार्ग काढला. विद्यार्थ्याने एका क्षेत्राचा सखोल अभ्यास करावा आणि उरलेले विषय निरनिराळ्या क्षेत्रांतून घ्यावेत, असा नियम झाला. आज ज्याला मुख्य विषय आणि इतर विषय असे म्हटले जाते, त्या रचनेचे मूळ यात आहे.

श्रेयांकांची कथाही अशीच मनोरंजक आहे. उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांनी महाविद्यालयीन अध्यापकांना निवृत्तिवेतन देण्यासाठी मोठा निधी दिला. त्याचा लाभ कोणत्या संस्थांना द्यावा हे ठरवताना प्रवेशासाठी विद्यार्थ्याने शाळेत किती शिक्षण घेतलेले असावे, याचे माप आवश्यक झाले. एका विषयाचे वर्षभरातील १२० तास म्हणजे एक एकक, अशी चौदा एकके पुरी केलेल्यालाच प्रवेश देणारे महाविद्यालय या लाभास पात्र ठरे. महाविद्यालयांतही तासांच्या हिशेबाने अभ्यास मोजण्याची रीत रुजली. शिक्षकांच्या निवृत्तिवेतनाचा विचार करताना विद्यार्थ्यांच्या पदवीचे माप पक्के झाले!

डॉ. आंबेडकर यांची पदव्यांची वाटचाल

या दोन्ही जगांतून, म्हणजे मुंबई-लंडनच्या आखीव वाटेवरून आणि अमेरिकेच्या खुल्या अंगणातून, प्रवास केलेला विद्यार्थी म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. दुसऱ्या भाषेची अट त्यांच्या वाट्याला किती कठोरपणे आली, हे प्रसिद्ध आहे. त्यांना संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्य म्हणून शाळेत ते नाकारले गेले आणि फारसी घेणे भाग पडले. बी.ए. झाल्यावर १९१३ मध्ये महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. शिक्षणानंतर बडोदा संस्थानात दहा वर्षे सेवा करावी, असा करार त्यासाठी झाला होता.

कोलंबियात निवडीचे स्वातंत्र्य होते आणि त्यांनी त्याचे सोने केले. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम त्यांनी घेतले. शिवाय फ्रेंच व जर्मन भाषांचे प्राथमिक शिक्षण घेतले. या यादीत विस्कळीतपणा नाही. अर्थशास्त्र हा कणा आणि समाजाला समजून घेण्याची इतर साधने त्याभोवती, अशी तिची मांडणी आहे. सेलिग्मन यांच्यासारखे प्राध्यापक मार्गदर्शक म्हणून लाभले होते आणि विद्यार्थ्याला आपण कशासाठी शिकत आहोत हे पक्के ठाऊक होते. स्वातंत्र्याचा सदुपयोग होण्यास या दोन्ही गोष्टी लागतात.

१९१६ मध्ये ते लंडनला गेले आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना अर्ध्यावरून परतावे लागले. मागे एक दार मात्र उघडे राहिले होते. प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या शिफारशीमुळे चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा त्यांना मिळाली होती. मुंबईत सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून, काटकसरीने पैसे साठवून, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्राकडून कर्ज घेऊन ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला पोहोचले. १९२१ मध्ये एम.एस्सी. झाली. डी.एस्सी.च्या प्रबंधाची परीक्षकांनी फेरमांडणी करावयास सांगितली; तीही करून १९२३ मध्ये पदवी मिळाली. कोलंबियाच्या पीएच.डी.ची एक अट अजून उरली होती, ती म्हणजे प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठात सादर करणे. तो १९२५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आणि १९२७ मध्ये पदवी प्रदान झाली. अशी एक अट पुरी करण्यासाठी एवढी वर्षे ध्यानात ठेवून पाठपुरावा करणे, हा चिकाटीचा वस्तुपाठच होय.

स्वातंत्र्यानंतर: टर्म ते श्रेयांक

स्वातंत्र्यानंतर राधाकृष्णन आयोगाने १९४९ मध्ये आपला अहवाल दिला आणि बारा वर्षांच्या शालेय शिक्षणानंतर तीन वर्षांच्या पदवीची कल्पना पुढे आली. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने दहा, दोन, तीन असा आकृतिबंध सुचवला. त्याचबरोबर विद्यार्थ्यांना मार्गदर्शन व समुपदेशन हे शिक्षणाचे अविभाज्य अंग मानावे, अशी स्पष्ट शिफारस केली. महाराष्ट्रात सत्तरच्या दशकात आकृतिबंध आला. मार्गदर्शनाची शिफारस मात्र बहुतांशी अहवालातच राहिली. दहावीनंतर विज्ञान, वाणिज्य की कला, हा निर्णय बहुतेक घरांत गुण पाहून वा शेजाऱ्याच्या मुलाकडे पाहून होत राहिला.

लंडनच्या त्या भोजनांची आठवण आपल्या महाविद्यालयांत एका शब्दाच्या रूपाने टिकून आहे. टर्म भरणे, टर्म मंजूर होणे, हे शब्द कित्येक पिढ्यांनी वापरले. काही विषय राहूनही पुढील वर्गात जाण्याची सवलत म्हणजे एटीकेटी. अलाउड टू कीप टर्म्स हे तिचे विस्तृत रूप. तिचा लाभ घेणाऱ्या कितीजणांना हे शब्द ठाऊक असतील? परंतु ही सवलत कितीदा आणि कोणत्या वर्षापर्यंत चालते, हे ठाऊक नसल्याने वर्ष गमावलेले विद्यार्थी प्रत्येक गावात सापडतील.

आता हे चित्र झपाट्याने पालटले आहे. २०१५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने निवडाधारित श्रेयांक पद्धतीस चालना दिली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर २०२१ मध्ये श्रेयांक साठवणारी शैक्षणिक बँक स्थापन झाली. डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान १२० आणि चार वर्षांच्या पदवीसाठी किमान १६० श्रेयांक ठरले. व्याख्यानाचे पंधरा तास म्हणजे एक श्रेयांक, असा हिशेब आहे. संशोधनासह ऑनर्स पदवी हवी असेल, तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण आवश्यक मानले गेले. पहिल्या वा दुसऱ्या वर्षानंतर प्रमाणपत्र अथवा पदविका घेऊन बाहेर पडता येते; तीन वर्षांच्या आत परत येऊन कमाल सात वर्षांत पदवी पुरी करता येते, अशी तरतूद त्या आराखड्यात केली गेली. महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्नित महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवी रचना लागू झाली.

आंबेडकरांना १९१७ मध्ये प्राध्यापकाच्या खास शिफारशीने जी मुभा मिळाली, तिच्यासारखी सोय आता नियमातच आली, ही समाधानाची गोष्ट होय. पण हार्वर्डने दीडशे वर्षांपूर्वी घेतलेला अनुभवही विसरता येणार नाही. मुख्य विषय, गौण विषय, कौशल्याचे विषय, मूल्यशिक्षण, प्रशिक्षणाचे श्रेयांक असा मोठा बाजार मांडला गेला आहे. पहिल्या सत्रात सहज म्हणून केलेली निवड तीन वर्षांनी पदव्युत्तर प्रवेशाच्या वेळी आड येऊ शकते. प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडणारा विद्यार्थी परतीची मुदत जाणतो का? ज्या घरात आधी कोणी पदवीधर झालेले आहे, तेथे हे प्रश्न जेवणाच्या पाटावर सुटतात. ज्या घरातील मूल प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढते, तेथे ते प्रश्न कोणाला विचारावेत हेच ठाऊक नसते. निवड जितकी वाढते, तितके हे अंतर वाढण्याची भीती असते.

समाजाचे दायित्व

जैन समाजाला ही जाणीव नवी नाही. १९१४ मध्ये आचार्य विजयवल्लभसूरी यांच्या प्रेरणेने मुंबईत स्थापन झालेले श्री महावीर जैन विद्यालय असो, की दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या प्रेरणेने चाललेली वसतिगृहे असोत, परगावच्या विद्यार्थ्याला निवारा आणि भोजन याबरोबरच पुढच्या वर्गातील मुलांचा सहवास तेथे मिळाला. कोणते पुस्तक वाचावे, अर्ज केव्हा भरावा, कोणता विषय कोणाकडून समजून घ्यावा, हे ज्ञान वसतिगृहाच्या खोल्यांतून एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जात असे. इनर टेंपलच्या पंगतीचा जो मूळ हेतू होता, तो आपल्या वसतिगृहांच्या पंगतीत अधिक साधेपणाने सफल झाला, असे म्हणावे लागेल.

विषयाच्या निवडीने काय घडू शकते, याचे उदाहरणही समाजासमोर आहे. सदलगा येथे १९०६ मध्ये जन्मलेले डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये मुंबई विद्यापीठाचे एम.ए. होऊन १९३० मध्ये कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अर्धमागधीचे अध्यापक झाले आणि १९६२ पर्यंत तेथे त्यांनी अध्यापन केले. प्राकृत ग्रंथांच्या संपादनात त्यांनी जगन्मान्य कार्य केले. विद्यापीठाच्या विषयांच्या यादीत अर्धमागधीला स्थान होते, ती शिकवणारे अध्यापक होते आणि ती निवडण्याचे धैर्य असलेला विद्यार्थी होता. म्हणून हे घडले. या तिन्हींपैकी एक जरी नसते तर काय झाले असते, याचा विचार व्हावा.

आज शिष्यवृत्तीचे धनादेश देणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत आणि त्यांचे कार्य स्तुत्यच आहे. त्याच्या जोडीला समाजातील निवृत्त प्राध्यापकांनी, नोकरी-व्यवसायात स्थिरावलेल्या पदवीधरांनी आणि नुकत्याच उत्तीर्ण झालेल्या तरुणांनी वर्षातून काही दिवस विद्यार्थ्यांसमोर बसावे. विद्यापीठाची नियमावली सोबत घ्यावी, विद्यार्थ्याचा कल विचारावा, अवधी, खर्च आणि पुढील वाट यांचा हिशेब कागदावर मांडावा. यासाठी मोठा निधी लागत नाही. वेळ आणि आस्था लागते. आपल्या ज्ञानाचा लाभ दुसऱ्यास देणे, हे ज्ञानदानच होय.

मावजी दवे कोणत्याही विद्यापीठाचे अधिकारी नव्हते. ते एका मित्राच्या घरी गेले, मुलाची चौकशी केली आणि विचार करून बोलले. एवढेच त्यांनी केले. प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरी असे कोणीतरी वेळेवर पोहोचावे, ही जबाबदारी समाजाने आपली मानली, तर पदवीची वाट कितीही फाटे फुटलेली असली तरी त्या वाटेवर कोणी एकटा पडणार नाही.